सुनील दत्त: पडद्यावरून संसदेत, आणि मध्ये दोन हजार किलोमीटर पायी

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ट्रेनमध्ये हेडफोन विसरलात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय, तो सुरुवातीला आपल्याच धंद्यातला होता. म्हणजे माईकसमोर बसून लोकांशी गप्पा मारणारा. १९५० च्या दशकात रेडिओ सिलोनवर तो सिनेमातल्या लोकांच्या मुलाखती घ्यायचा. तेव्हा आकाशवाणीवर सिनेसंगीत जवळपास बंद केलं होतं. ते करणारे केंद्रीय मंत्री होते आपल्या पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. गाणी बंद झाल्यावर देशभरातल्या श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली, आणि त्या लाटेत हा पंजाबी पोरगा घराघरात ऐकू यायला लागला. नाव बलराज दत्त. आपण त्याला सुनील दत्त म्हणून ओळखतो.

माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना सुनील दत्त म्हणजे 'मुन्नाभाई एमबीबीएस' मधले मुन्नाचे वडील, एवढंच माहीत असतं. फार तर संजय दत्तचे बाबा. मलाही कॉलेज संपेपर्यंत इतकंच माहीत होतं. मग एकदा निवडणुकीचे आकडे चाळताना दिसलं, की हा माणूस मुंबईतून पाच वेळा लोकसभा लढला आणि पाचही वेळा जिंकला. १९८४, १९८९, १९९१, १९९९ आणि २००४. एकदाही हरला नाही. तेव्हा डोक्यात किडा शिरला. नट निवडून येतो, हे समजू शकतो. पण पाच वेळा? वीस वर्षांत सत्ता बदलते, लाटा येतात-जातात, पडद्यावरचे हीरो बदलतात. तरी लोक त्यालाच मत देतात, म्हणजे त्यात चेहऱ्यापलीकडे काहीतरी असणार. आजचा भाग त्या 'काहीतरी'चा शोध आहे.

झेलमचा निर्वासित

जन्म ६ जून १९२९. गाव खुर्द, जिल्हा झेलम, आताच्या पाकिस्तानात. पाच वर्षांचा असताना वडील गेले. अठराव्या वर्षी फाळणी झाली आणि गाव सुटलं. त्या दिवसांची एक आठवण सुनील दत्त मोठेपणी मुलाखतींत सांगायचे: त्यांच्या कुटुंबाला दंगलीत वाचवलं ते वडिलांच्या एका मुसलमान मित्राने. त्याचं नाव याकूब. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुटुंब सीमेच्या अलीकडे आलं आणि यमुनेच्या काठी, आज हरियाणात असलेल्या यमुनानगर भागातल्या मंडौली गावात स्थिरावलं. बलराज लखनौमार्गे मुंबईत आला. जयहिंद कॉलेजात प्रवेश घेतला आणि पोटासाठी नोकरी धरली ती बेस्टमध्ये. हो, आपली लाल बसवाली बेस्ट. म्हणजे कॉलेज, नोकरी आणि राहायला मिळेल ती जागा. मुंबईत बाहेरून आलेल्या लाखो पोरांची असते तीच गोष्ट. मग रेडिओ, आणि रेडिओवरून १९५५ मध्ये 'रेल्वे प्लॅटफॉर्म' हा पहिला सिनेमा. तेव्हा बलराज साहनी आधीच नावाजलेले नट होते, म्हणून गोंधळ नको म्हणून बलराजचा सुनील झाला.

दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' आला. त्यातला बिरजू, सावकारावर चिडून डाकू झालेला मुलगा, सुनील दत्तने केला. आई झाली नर्गिस. आता गंमत बघा: नर्गिसचा जन्म १ जून १९२९ चा. म्हणजे पडद्यावरची आई मुलापेक्षा बरोबर पाच दिवसांनी मोठी! शूटिंगमध्ये गवताच्या गंज्यांना आग लावायचा प्रसंग होता. आग हाताबाहेर गेली आणि नर्गिस आत अडकली. सुनील दत्तने आत घुसून तिला बाहेर काढलं, स्वतः भाजला. ११ मार्च १९५८ ला दोघांचं लग्न झालं. ती मुसलमान आईची मुलगी, देशातली सगळ्यात मोठी नटी. हा हिंदू निर्वासित, नुकताच नाव मिळवलेला. आजही अशा लग्नावर सोशल मीडियावर काय काय लिहितील याची कल्पना करा, आणि मग १९५८ साल डोळ्यांसमोर आणा.

सिनेमाच्या कारकिर्दीत मी फार रमणार नाही, कारण आपला विषय वेगळा आहे. पण दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. १९६३ च्या 'मुझे जीने दो' ने त्याला फिल्मफेअर मिळवून दिलं. १९६४ मध्ये त्याने 'यादें' काढला, अख्ख्या सिनेमात पडद्यावर वावरणारा एकच नट, तो स्वतः. १९७१ च्या 'रेश्मा और शेरा' ने मात्र त्याला कर्जात घातलं. सिनेमाचं कौतुक झालं, वहिदा रहमानला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तिकीटबारीवर आपटला. याच सिनेमात एका मुक्या भावाच्या भूमिकेत एक उंच, किडकिडीत, नवखा पोरगा होता: अमिताभ बच्चन.

याच काळात नवरा-बायकोने आणखी एक काम चालवलं होतं. अजंता आर्ट्स नावाचं त्यांचं कलापथक सीमेवरच्या जवानांसाठी कार्यक्रम करायला जायचं. चीन युद्धानंतर ते सुरू झालं. लडाखसारख्या ठिकाणी, थंडीत, ट्रकवर किंवा मोकळ्या जागेत गाणी आणि नकला. यात पैसा नव्हता. पण माझ्या मते सुनील दत्तच्या राजकारणाची खरी शाळा हीच. लोक जिथे आहेत तिथे आपण उठून जायचं, ही सवय त्याला इथे लागली.

१९८१

१९८० मध्ये नर्गिसची राज्यसभेवर राष्ट्रपतींकडून नियुक्ती झाली. म्हणजे या घरात संसद आधी आली ती बायकोच्या पावलांनी. पण तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. न्यूयॉर्कमध्ये उपचार झाले, महिनोन्‌महिने. ३ मे १९८१ ला ती गेली. मुलाचा, संजयचा, पहिला सिनेमा 'रॉकी' अवघ्या काही दिवसांवर आला होता.

त्यानंतर सुनील दत्तने बायकोच्या नावाने कॅन्सरसाठी निधी उभा करायला सुरुवात केली. आपल्या महाराष्ट्रात या नावाची एक जागा आहे, आणि ती मुंबईत नाही. सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तालुक्याच्या गावी, शेतकऱ्यांच्या बायका जिथे येऊ शकतील अशा ठिकाणी. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात १,३१,७४६ बायका होत्या. टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांबरोबर बार्शीचं हे हॉस्पिटल त्यात होतं, आणि निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये छापून आले. हे काम तिथल्या डॉक्टरांचं आणि आरोग्यसेविकांचं आहे, सुनील दत्तचं नाही, हे स्पष्ट सांगतो. पण एका नटीचं नाव मराठवाड्याच्या वेशीवर कॅन्सरच्या तपासणीशी जोडलेलं आहे, हे मला 'मदर इंडिया' च्या पोस्टरपेक्षा मोठं वाटतं.

१९८१-८२ मध्ये सुनील दत्त मुंबईचे नगरपाल झाले. शेरीफचं पद ते. अधिकार जवळपास शून्य, मान भरपूर. आणि मग आलं १९८४.

दोन निर्वासितांची लढत

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली. डिसेंबरमध्ये निवडणूक. राजीव गांधींनी सिनेमातले तीन मोठे चेहरे उतरवले. अलाहाबादेत अमिताभ बच्चन, दक्षिण मद्रासमधून वैजयंतीमाला आणि वायव्य मुंबईतून सुनील दत्त. समोर कोण? राम जेठमलानी. १९७७ आणि १९८० अशा लागोपाठ दोन वेळा तिथूनच निवडून आलेले, देशातल्या सगळ्यात तिखट वकिलांपैकी एक.

ही लढत सहसा 'नट विरुद्ध वकील' अशी सांगितली जाते. मला त्यात दुसरंच काही दिसतं. जेठमलानी सिंधमधल्या शिकारपूरचे, फाळणीनंतर मुंबईत आलेले. दत्त झेलमचे, तेही फाळणीनंतर आलेले. म्हणजे वांद्रे ते अंधेरी या पट्ट्याचा खासदार कोण, हे ठरवायला दोन निर्वासित समोरासमोर उभे होते, आणि दोघांनाही मुंबईने घडवलं होतं. या शहराबद्दल याहून जास्त काय सांगायचं!

दत्त जिंकले. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर १९८४ चा विजय हा पुरावा म्हणून कच्चा आहे. सहानुभूतीची लाट इतकी मोठी होती की काँग्रेसने देशात ४०० च्या वर जागा घेतल्या, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, की सर्व्हरवर लोड नसताना टेस्ट पास झाली तर त्या टेस्टला अर्थ नाही. खरी टेस्ट १९८९ ला झाली. तेव्हा बोफोर्स गाजत होतं, काँग्रेसची देशातली सत्ता गेली. मुंबईत शिवसेना-भाजप युतीने सहापैकी चार जागा घेतल्या. काँग्रेसचे टिकले ते दोघेच: दक्षिण मुंबईत मुरली देवरा आणि वायव्य मुंबईत सुनील दत्त. आणि त्यांच्याबरोबर १९८४ ला आलेला सुपरस्टार? अमिताभ बच्चन यांनी १९८७ मध्येच राजीनामा देऊन राजकारण सोडलं होतं.

मग दोघांत फरक कशाने पडला? माझं उत्तर आहे: पायांनी.

७८ दिवस

१९८७ चा पंजाब म्हणजे रोज सकाळी पेपरात मृतांचे आकडे. सुवर्णमंदिरातली कारवाई, इंदिरा गांधींची हत्या, दिल्लीतली शीखविरोधी कत्तल, सगळं ताजं होतं. मुंबईचा खासदार तिथे काय करणार? सुनील दत्तने ठरवलं की मुंबईहून अमृतसरला चालत जायचं. नाव दिलं महाशांती पदयात्रा. बरोबर वीस वर्षांची मुलगी प्रिया आणि ऐंशीएक माणसं. सुमारे २००० किलोमीटर, ७८ दिवस, वाटेत शेकडो छोट्या सभा. त्यांचं वय तेव्हा ५७.

आकडा ऐकून पुढे जाऊ नका, जरा हिशोब करा. २००० भागिले ७८, म्हणजे रोजचे पंचवीस-सव्वीस किलोमीटर. आपल्या कळंबोली सर्कलवरून सकाळी निघालात आणि सायन-पनवेल हायवेने चालत राहिलात, तर खारघर, बेलापूर, नेरूळ, वाशी करत, खाडीपूल ओलांडून मानखुर्दच्या आसपास पोचाल. हे एका दिवसात. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेवढंच. असं ७८ वेळा. मी एकदा बसचा संप होता म्हणून कळंबोलीहून खारघरला चालत गेलो होतो, तर पुढचे दोन दिवस त्याच्याच गोष्टी सांगत होतो.

त्या चालण्याने पंजाब शांत झाला का? नाही. पुढची पाच-सहा वर्षं तिथे रक्त सांडतच राहिलं. त्यामुळे 'एका माणसाने चालत जाऊन शांतता आणली' असला व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला तर डिलीट करा. पण पदयात्रेचा हिशोब फक्त निकालाने होत नाही. गाडीतून जाणाऱ्या नेत्याला लोक हात करतात. चालणाऱ्या माणसाबरोबर मात्र ते स्वतः चार पावलं चालतात आणि तेवढ्यात मनातलं बोलतात. गांधीजी आणि विनोबांना हे माहीत होतं. ज्याला लोकांनी कायम अंधारात, पडद्यावर, दहापट मोठा बघितलं होतं, तो माणूस धुळीने भरलेल्या बुटांनी आपल्या गावच्या पारावर बसतो, याचा परिणाम वेगळा असतो. १९८८ मध्ये दत्त जपानात नागासाकीहून हिरोशिमापर्यंत अण्वस्त्रांविरुद्ध चालले, तेही याच हट्टापायी.

मतदारसंघात मात्र प्रश्न शांततेचे नव्हते, नळाचे होते. वायव्य मुंबई म्हणजे पाली हिलचे बंगले आणि विमानतळाला खेटून असलेल्या झोपड्या, खार दांड्याचा कोळीवाडा आणि वांद्रे पूर्वेची सरकारी वसाहत, सगळं एकाच मतदारसंघात. दत्त झोपडपट्टीवासीयांचे खासदार म्हणून ओळखले गेले. पाणी, संडास, वीज, झोपडी तुटू नये. वांद्रे रेक्लमेशनजवळ एका झोपडपट्टीचं नावच नर्गिस दत्त नगर आहे. यावरून त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली, की मतांसाठी अनधिकृत झोपड्यांना पाठीशी घालतात. मला ही टीका सरसकट खोटी वाटत नाही. झोपडी वाचवली की मत पक्कं होतं, आणि घराचा प्रश्न मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत तसाच राहतो. हे सगळ्याच पक्षांनी केलं, दत्त त्याला अपवाद नव्हते. पण निर्वासितांच्या छावण्यांचे दिवस पाहिलेल्या माणसाला बुलडोझरच्या बाजूने उभं राहणं जमलं नसेल, हेही मला समजतं.

जानेवारी १९९३

आता भागाच्या सगळ्यात अवघड जागी आलो.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत दोन टप्प्यांत दंगल झाली, डिसेंबर आणि मग जानेवारी. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली, त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. माझा जन्म यानंतरचा. पण आमच्या घरात हे साल वेगळ्या तऱ्हेने हजर असतं. बाबा तेव्हा मुंबईत कामाला होते. जानेवारीत एका रात्री ते घरी आलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत आले. त्यानंतर आजीने धोशा लावला की मुंबईच्या बाहेर घर बघ. लोखंड बाजार मुंबईतून कळंबोलीत आलेला होता, त्यात ओळखीने नोकरी मिळाली, सिडकोचं घर मिळालं. आम्ही कळंबोलीकर झालो ते असे. बाबा त्या रात्रीबद्दल आजही एका वाक्याच्या पुढे बोलत नाहीत.

तेव्हा दिल्लीत नरसिंह राव यांचं काँग्रेस सरकार होतं आणि मुंबईत सुधाकरराव नाईक यांचं, तेही काँग्रेसचंच. म्हणजे शहर जळत असताना जबाबदार होतं ते सुनील दत्तच्या स्वतःच्या पक्षाचं सरकार. दत्त दंगलग्रस्त भागांत फिरत होते, मदत पोचवत होते. मुसलमान वस्त्यांत मदत नेल्यामुळे घरी धमक्यांचे फोन येत होते. आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी सरकारने परिस्थिती ज्या प्रकारे हाताळली त्याच्या निषेधार्थ खासदारकीचा राजीनामा दिला.

विरोधी पक्षाच्या सरकारविरुद्ध राजीनामा देणं सोपं. टाळ्या मिळतात. स्वतःच्या पक्षाच्या सरकारविरुद्ध, अर्ध्याहून जास्त कार्यकाळ शिल्लक असताना, कोणतंही दुसरं तिकीट खिशात नसताना राजीनामा देणं ही वेगळी गोष्ट आहे. इथे तो याकूब आठवतो. अठरा वर्षांच्या बलराजला एका मुसलमान माणसाने वाचवलं होतं. ६३ वर्षांच्या सुनीलला मुंबईत आपण किती जणांना वाचवू शकलो नाही, हे दिसत होतं. दंगल त्यांना थांबवता आली नाही. स्टार असणं, लाखो लोकांचं मत पाठीशी असणं, तलवार घेतलेल्या जमावासमोर काहीच कामाला आलं नाही.

पण गोष्ट इथे संपली असती तर ती सिनेमाची गोष्ट झाली असती. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. २५७ लोक मेले. आणि १९ एप्रिलला, मॉरिशसहून शूटिंग करून परतलेल्या संजय दत्तला विमानतळावर अटक झाली. बेकायदा एके-५६ रायफल घरात ठेवल्याचा आरोप, टाडा कायद्याखाली. बचाव असा मांडला गेला की वडिलांना धमक्या येत होत्या, घरच्यांच्या रक्षणासाठी शस्त्र घेतलं.

मी या बचावाच्या बाजूने नाही, सरळ सांगतो. त्या महिन्यांत भीती लाखो घरांना होती. आमच्याही घराला होती. त्यांच्याकडे गँगस्टरकडून रायफल मागवायची सोय नव्हती. ज्या बापाने शांततेसाठी २००० किलोमीटर चालून दाखवलं, त्याच्याच घरात स्फोटांच्या कटाशी जोडलेल्या माणसांकडून शस्त्र यावं, यापेक्षा मोठा तडाखा त्याला कोणता विरोधक देऊ शकला असता?

त्यापुढची दोन-अडीच वर्षं सुनील दत्त फक्त बाप होते. तुरुंग, कोर्ट, वकील, दिल्लीच्या चकरा. पक्षातल्या अनेकांनी पाठ फिरवली. शेवटी ते मातोश्रीवर गेले, बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे मदत मागायला. ज्या राजकारणाविरुद्ध राजीनामा दिला, त्याच्याच दारात. मातोश्री त्यांच्याच मतदारसंघात, वांद्रे पूर्वेला कलानगरात. अंतर काही किलोमीटरचं, पण मला वाटतं अमृतसरपेक्षा ते लांब पडलं असेल. ऑक्टोबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजयला जामीन दिला. पुढे २००६ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला टाडाच्या आरोपांतून सोडलं, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पाच वर्षांची केली आणि ती भोगून तो फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून बाहेर आला. बाप हे बघायला नव्हता.

१९९६ आणि १९९८ ची निवडणूक सुनील दत्त लढले नाहीत. दोन्ही वेळा तिथून शिवसेनेचे मधुकर सरपोतदार निवडून आले. १९९९ ला दत्त परतले आणि सरपोतदारांनाच हरवलं. २००४ ला शिवसेनेच्या संजय निरुपम यांना हरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मंत्री झाले, मनमोहन सिंग यांच्या सरकारात युवक कल्याण आणि क्रीडा खातं. वयाची पंच्याहत्तरी आली होती. २५ मे २००५ ला, वांद्र्याच्या घरी, झोपेतच गेले. त्याच वर्षी पोटनिवडणुकीत प्रिया दत्त निवडून आल्या, ७८ दिवस बापाबरोबर चाललेली तीच मुलगी.

महाराष्ट्रात एमजीआर का झाला नाही?

हा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून थोडक्यात. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. आंध्रात एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये पक्ष काढला आणि १९८३ च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले. मग महाराष्ट्रात, जिथे देशाची सिनेमानगरी आहे, तिथे असं का झालं नाही?

एक कारण भाषेचं. मुंबईचा सिनेमा हिंदी, त्याचा प्रेक्षक देशभर विखुरलेला, आणि राज्याचं राजकारण मराठी. एमजीआरचा प्रेक्षक आणि मतदार एकच होता. इथे तसं नव्हतं. दादा कोंडके मराठी माणसाच्या गळ्यातला ताईत होते, शिवसेनेच्या सभाही गाजवायचे, पण तेही एमजीआर झाले नाहीत.

दुसरं कारण मला जास्त पटतं. महाराष्ट्रात नेता घडतो तो शिडीवरून: ग्रामपंचायत, साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था, जिल्हा परिषद. ज्याच्या हातात उसाची मोळी, त्याच्या हातात मत. बाहेरून आलेल्या नटाला या शिडीवर पायरीच नाही. मुंबईत मात्र कारखाना नाही, सोसायटीचा सचिव नाही, म्हणून तिथे ओळखीच्या चेहऱ्याला जागा मिळते. दत्त तिथेच निवडून आले, आणि २००४ ला उत्तर मुंबईत राम नाईक यांना हरवणारा गोविंदाही. पण गोविंदाने २००९ ला पुन्हा निवडणूक लढवलीच नाही. आदेश बांदेकर २००९ ला माहीममध्ये हरले, ऊर्मिला मातोंडकर २०१९ ला उत्तर मुंबईत हरल्या. ग्रामीण भागात ही शिडी चुकवून आलेलं ठळक उदाहरण म्हणजे शिरूरचे डॉ. अमोल कोल्हे, २०१९ आणि २०२४ ला निवडून आलेले. त्यांच्यामागे मालिकेतले संभाजी महाराज होते. संसदेतलं त्यांचं काम किती, हे शिरूरकरांनी ठरवावं.

तर मग त्या पाच विजयांमागचं 'काहीतरी' काय? चेहऱ्याने सुनील दत्तला पहिली निवडणूक मिळाली असेल. पुढच्या चार मिळाल्या त्या पायांमुळे, दारात येऊन उभं राहण्यामुळे. आणि चेहरा असो की पाय, दोन्ही जिथे थांबतात ती जागाही त्यांनी पाहिली: जानेवारी १९९३ चा जमाव आणि एप्रिल १९९३ चा विमानतळ. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो ते जिंकत राहिले म्हणून नाही. हरल्यावर, घरात आणि बाहेरही, ते पुन्हा लोकांसमोर उभे राहिले म्हणून वाटतो. पण म्हणून त्यांच्या मुलाची चूक लहान होत नाही, आणि झोपडीत राहणाऱ्यांचा घराचा प्रश्नही सुटलेला नाही. माणूस पूर्ण बघायचा तर हे सगळं एकत्र बघावं लागतं.

आपलं पनवेल मावळ लोकसभेत येतं, घाटाखालून पार पिंपरी-चिंचवडपर्यंत. निवडणुका आल्या की कळंबोली सर्कलला एखाद्या उघड्या जीपवर टीव्हीतला कोणी ना कोणी हात हलवताना दिसतोच. आपण सगळे मोबाईल वर धरतो, मीही धरतो. पुढच्या वेळी व्हिडिओ काढून झाला की एवढंच विचारा: हा माणूस गाडीतून खाली उतरून आपल्याबरोबर कळंबोली ते खांदेश्वर स्टेशन तरी चालेल का? वाटेत कुठे गटार तुंबलंय ते त्याला दिसेल का?

भाग आवडला तर ज्याला संजय दत्तचे सगळे डायलॉग पाठ आहेत अशा एका मित्राला नक्की पाठवा. आणि घरात कोणी १९९३ पाहिलं असेल, तर त्यांना एकदा विचारा. एका वाक्यात उत्तर मिळालं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.